हेतू देवाचा, प्लग मामांचा

वायरमनच्या नोकरीत एक प्रश्न जन्मभर पुरतो. ‘आमचीच का गेली?’ लाईट जाण्याचं दुःख कोकणात कुणी फारसं करत नाही. वारा सुटला, आंब्याची फांदी तारेवर आली, गेली लाईट; एवढी सवय सगळ्यांना असते. खरं दुःख असतं ते समोरच्याचा पंखा फिरतोय याचं. पावसकडच्या एका बागायतदारांचा मला आंब्याच्या दिवसांत हमखास फोन यायचा. ‘‘वायरमन, आमची गेलीय.’’ येतो म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘‘सावकाश ये रे, पण शेजारी हाय, तेवढा ध्यानात ठेव.’’ शेजारी म्हणजे त्यांचेच चुलतभाऊ. एकदा अख्ख्या वाडीची गेली तेव्हा मात्र त्यांचा फोन आला नाही. मी लाईन बघत बघत त्यांच्या घरापर्यंत पोचलो, तर गृहस्थ ओटीवर पाय पसरून खुशीत बसलेले. म्हणाले, ‘‘सगळ्यांचीच गेलीय ना, मग काय घाई हाय?’’

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर असतं, ही आमच्या धंद्यातली मोठी सोय. खांबावरून तीन फेज येतात. तुमचं घर एका फेजवर, शेजाऱ्याचं दुसऱ्या. ट्रान्स्फॉर्मरजवळ, ज्याला लोक डीपी म्हणतात तिथे, तुमच्या फेजचा फ्यूज उडाला की तुमची जाते आणि त्याची राहते. यात तुमचं पाप नाही आणि त्याचं पुण्यही नाही. हे मी शेकडो लोकांना समजावलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि एकालाही ते पटलं नाही. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘ते ठीक आहे, पण माझं नाव खराब फेजवर घातलं कुणी?’’

मी ख्रिस्ती. रत्नागिरीत आमची मंडळी लहान. नाताळला सगळे जमलो तरी बाकं पुरून उरतात. आमच्यात उपासनेनंतर साक्ष द्यायची पद्धत आहे. म्हणजे ज्याच्यावर काही संकट आलं असेल त्याने उभं राहून सांगायचं, की संकट असं असं आलं, आणि त्यात देवाचा हेतू असा असा होता. बाहेर लोक ‘आमचीच का’ विचारत बसतात. आमच्यात त्याचं उत्तर आठवड्याच्या आत तयार करून रविवारी सांगावं लागतं. एका भगिनीचा पाय मोडला, तर हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मुलीत तिला सून सापडली. पाय त्यासाठीच मोडला होता, अशी साक्ष झाली. त्या सुनेने पुढे घरात काय दिवे लावले, यावर मात्र कुणी उभं राहिलं नाही. एका भावाचं काजूच्या बियांचं गोदाम गळून सगळा माल भिजला. त्यातून देवाने त्याला नम्रता शिकवली, असं तो म्हणाला. तो नम्र झालेला मी तरी पाहिला नाही. गोदामावर पत्रे मात्र नवे आले.

मी कधी साक्ष दिली नाही. विश्वास नव्हता म्हणून नव्हे. विश्वास आहे, घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते, आणि खांबावर चढताना मी काय पुटपुटायचो ते माझं मला माहीत. पण आमच्या कामाची एक शिस्त असते. लाईट गेली तर आधी डीपी बघायची, मग लाईन, मग घर. बिघाड हाताला लागेपर्यंत ‘सापडला’ म्हणायचं नाही. आमच्या मंडळीत लोक थेट वरून सुरुवात करतात, हे मला जमत नसे. आमचे पाळकसाहेब वयाने माझ्या मुलासारखे, मनाने सरळ. ते थट्टेने म्हणायचे, ‘‘वायरमनकाका, तुमची साक्ष अजून पेंडिंग आहे बरं का.’’ मी म्हणायचो, ‘‘साहेब, तक्रार नोंदवून ठेवा, बघू.’’

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत माझा जोडीदार होता बशीर. कंत्राटी कामगार. काम आमच्याइतकंच, किंबहुना जास्त. फक्त तो आमच्या खात्याचा माणूस नव्हे, कंत्राटदाराचा. वडील आणि भाऊ आखातात गेले, आई एकटी राहील म्हणून हा मागे राहिला. खांबावर असा चढायचा की खालून बघताना माझेच गुडघे दुखायचे. आरे-वाऱ्याच्या रस्त्यावर समुद्राचा खारा वारा चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतो आणि तारा तडतडायला लागतात. तिथे तर मी खालूनच सूचना देणारा, वरचं सगळं त्याच्या हाती. आम्हा दोघांचा एक साधा नियम होता. एक वर असला की दुसऱ्याने त्याच्या तोंडचा शब्द ऐकल्याशिवाय डीपीतल्या कशालाही हात लावायचा नाही. जीव वायरमनचा असतो, पण बटण नेहमी दुसऱ्याच्या हातात असतं, हे त्याच्या आईला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘‘मग तुमचा हात साबूत राहू दे, बाबा.’’

त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी अवकाळी वादळ झालं. ठिकठिकाणी फांद्या पडल्या, तारा तुटल्या. ईस्टरच्या पहाटेपासून आम्ही बाहेर. आमच्या देवळाकडे, म्हणजे चर्चकडे, जाणारी लाईनही वळणावरच्या एका खांबाजवळ तुटली होती, आणि ती जोडायचं काम आमच्याच वाट्याला आलेलं. उपासनेची वेळ झाली तेव्हा बशीर मला म्हणाला, ‘‘तू जा. तुझी ईद हाय आज. मी नि गडी मिळून जोडतो ही.’’ मी म्हटलं, चढायची पाळी माझी आहे. तर म्हणतो, ‘‘पाळी जाऊ दे. शेवया पाठव घरून.’’ ईस्टरला शेवया नसतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. डीपीतले फ्यूज आम्ही दोघांनी मिळून काढले, लाईन मेलेली आहे याची तारेला तपासणीचा दिवा लावून खात्री केली, आणि मी तसाच घामट शर्टाने देवळात जाऊन मागच्या बाकावर बसलो.

आता इथे याकोबमामांची ओळख करून द्यायला हवी. माझ्या पत्नीचे, मार्थाचे, ते सख्खे मामा. तिचे वडील लवकर गेले, मामांनीच तिला वाढवलं, शिकवलं, आणि माझ्यासारख्या माणसाला देण्याचं धाडसही त्यांनीच केलं. उभी हयात त्यांनी बोटीवर इंजिनरूममध्ये काढली. मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ पंच. मामी वर्षभरापूर्वी प्रभूमध्ये निजल्या, त्यांच्या स्मरणार्थ मामांनी देवळाला जनरेटर दिला होता. त्याच्यावर मामींच्या नावाची पितळी पट्टी होती, आणि त्याचं समर्पण नेमकं त्या ईस्टरच्या सकाळी व्हायचं होतं. बाहेर लाईट नाही, आत नवा जनरेटर. मंडळीला हा योगायोग वाटला नाही, हे सांगायला नको.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मामा वेस्ट्रीत, म्हणजे वेदीशेजारच्या पाळकांच्या खोलीत, गेले. तिच्या मागच्या दाराबाहेर जनरेटरचा भडभड आवाज झाला आणि पंखे फिरायला लागले, जरा मरगळलेले, पण फिरायला लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गीत सुरू झालं. मी सहज खिडकीतून बाहेर पाहिलं, तर रस्त्यापलीकडच्या घराच्या पडवीतला दिवा लागलेला. घराला कुलूप होतं, माणसं गावाला गेलेली.

ज्यांना यात काही विशेष वाटणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवळाचा जनरेटर हा देवळापुरता असतो. त्याने शेजाऱ्याचा दिवा लागता कामा नये. लागला, तर याचा अर्थ करंट देवळाच्या मीटरमधून उलटा बाहेर पडून रस्त्यावरच्या तारेत गेला आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची इतकी थेट तऱ्हा शास्त्रात कुठे सांगितलेली नाही. आणि ती तार, जी आम्ही मेलेली म्हणून तपासली होती, तिच्या दुसऱ्या टोकाला बशीर होता.

मी बाकं ओलांडत वेस्ट्रीत घुसलो. भिंतीतल्या सॉकेटमध्ये एक वायर खोचलेली होती. तिच्या दोन्ही टोकांना प्लग, एक जनरेटरला, एक भिंतीला. बाजारात अशी वायर मिळत नाही, घरीच बनवावी लागते. मेन स्विच चालूच. मी तो पाडला, धावत रस्त्यावर आलो आणि बशीरला फोन लावला. फोन वाजत राहिला. मी वळणावर पोचलो तेव्हा तो कमरेच्या पट्ट्यावर खांबाला लटकत होता, आणि गडी खालून त्याला नावाने हाका मारत होता.

जीव वाचला. उजवा हात कोपराखाली काढावा लागला. आमच्या इथून त्याला कोल्हापूरला हलवलं, काही दिवस मी तिथेच होतो. भेटायला दोन्हीकडची माणसं यायची. त्याच्या बाजूचे लोक म्हणायचे, अल्लाची मर्जी. आमच्याकडचे म्हणायचे, प्रभूची योजना. बरीच वर्षं मी दोन्ही समाजांत उठबस केली, पण कुठल्या मुद्द्यावर इतकं एकमत झालेलं पाहिलं नव्हतं. देवाचं नाव सगळ्यांनी घेतलं, जनरेटरचं कुणी घेतलं नाही.

त्याहून वाईट पुढे होतं. मंडळीतल्या एका भल्या बाईंनी, डबा घेऊन आल्या होत्या त्या, माझा हात हातात घेऊन मला सांगितलं, ‘‘भाऊ, तुमची पाळी होती ना चढायची? बघा, देवाने तुम्हाला आपल्या घरात बोलावून घेतलं आणि वाचवलं.’’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, मनापासून बोलत होत्या. पडद्यापलीकडे बशीर झोपला होता. मी त्या डब्यातलं जेवण त्या दिवशी जेवू शकलो नाही. देवाने मला पंख्याखाली बसवून गाणं म्हणायला लावलं आणि त्या पंख्याच्या करंटने माझ्या दोस्ताचा हात जाळला, आणि याला माझ्यावरची कृपा म्हणायचं? मला राग आला, आणि तो नक्की कुणाचा आला हे ठरवायला मला बराच काळ लागला.

परत आलो तर इकडे प्राथमिक अहवाल तयार. कामगाराने स्वतःच्या निष्काळजीपणाने नियम मोडला. कुठला नियम? लाईनवर काम करताना तारांना साखळी अडकवून त्या एकमेकींशी आणि जमिनीशी जोडायच्या असतात, म्हणजे चुकून करंट आला तरी जमिनीत जातो. बशीरने साखळी लावली नव्हती, हे खरं. आमच्या सेक्शनला साखळी एकच होती आणि त्या सकाळी ती पावसच्या बाजूला दुसऱ्या टोळीकडे होती, हेही खरं. पहिलं खरं अहवालात आलं, दुसरं आलं नाही. कंत्राटदाराने त्याला तोंडी कळवून टाकलं, की चूक तुझी, तेव्हा आता कामावर यायचं कारण नाही. आईला सोडून आखातात न गेलेला माणूस, एका हाताने आता कुठे जाणार होता?

मी आमच्या सेक्शनच्या साहेबांकडे गेलो आणि वायरचं, प्लगचं, शेजारच्या दिव्याचं सगळं सांगितलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, ‘‘सांगताय तुम्ही, पण तुम्ही त्याचे दोस्त. ती वायर आहे का आता?’’ मी पाहून आलो होतो. वायर गायब होती आणि वेस्ट्रीत चेंजओव्हर स्विच बसला होता. तो असला की एकतर बाहेरची लाईट नाहीतर जनरेटर, दोन्ही कधी एकत्र जोडले जात नाहीत. ईस्टरपूर्वी बसवला असता तर सगळे वाचले असते. पंचांनी तो दोन दिवसांत बसवून घेतला होता. साहेब म्हणाले, ‘‘मग मंडळीतल्या दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगावं. ज्याने चालवला त्याने सांगितलं तर उत्तमच. बशीरवरचा ठपका जाईल, मग त्याला इथे कुठेतरी बसवता येईल का ते मी बघतो.’’

मामा सोडून बाकीच्या पंचांना भेटलो. त्यांनी मला चहा दिला. आपण या गावात किती थोडे आहोत, हे सांगितलं. देवळातल्या जनरेटरने मुसलमान मुलाचा हात गेला, असं बाहेर पडलं तर त्याचं कोण काय करील, हे सांगितलं. ही भीती अगदीच खोटी नव्हती, म्हणून जास्त राग आला. शेवटी एकजण म्हणाले, ‘‘देव अन्यायातूनही चांगलं काढतो, वायरमन. त्याला वेळ द्या.’’ मी म्हटलं, ‘‘काढेल की. पण करंट अजून चालू ठेवून त्याने काम कसं करायचं?’’

घरी मार्थाने मला एकच सांगितलं. ‘‘आधी मामांकडे जा. लोकांसमोर नंतर.’’ तिने मामांची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही, आणि त्या दिवसांत ती जेवताना समोर बसत नसे.

मामा ओसरीत खुर्चीवर होते. एरवी माझ्याशी बोटीच्या गप्पा मारणारा माणूस, त्या दिवशी घड्याळाकडे बघत होता. मी विचारलं, मामा, इतकी वर्षं इंजिनरूममध्ये काढलीत, मेन पाडायचा कसा राहिला? ते म्हणाले, ‘‘बोटीवर बाहेरची लाईन कुठे असते रे? भर समुद्रात आपणच डीपी, आपणच घर. तिथे उलटा जाणार कुठे करंट? माझ्या डोक्यातच आलं नाही.’’ हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितलं, की माझी मान आपोआप डोलली. मग त्यांनी खुर्चीत अंग सावरलं आणि मंडळीचा सूर लावला. ‘‘पण यात देवाचा काहीतरी हेतू असणार, शमुवेल. आज कळणार नाही.’’

‘‘हेतू त्याचा असेल, मामा,’’ मी म्हटलं. ‘‘प्लग तुमचा होता.’’

ते उठून आत गेले. बाहेर आले नाहीत. मी थोडा वेळ ओसरीत बसलो आणि निघून आलो.

पुढच्या रविवारी माझ्यासाठी आभाराची उपासना ठेवली होती. मी वाचलो म्हणून. फुलं होती, चहाबरोबर केक होता. पाळकसाहेबांनी प्रेमाने पुकारलं, ‘‘आज काकांची साक्ष.’’ मी पुढे गेलो. व्यासपीठावरून आमची मंडळी किती लहान दिसते, हे मला पहिल्यांदाच कळलं. मागच्या बाकावरही नाकडोळे ओळखू येतात. मामा पहिल्या बाकावर, मार्था त्यांच्या शेजारी.

मी सांगितलं, की मला देवाने वाचवलं असं तुम्ही म्हणता. मला वाचवायला देवाला बशीरचा हात खर्च करावा लागला असेल, तर तो देव मला माझ्या आईने शिकवलेला नाही. तिने शिकवलेला देव स्वतः लाकडावर टांगला गेला होता, दुसऱ्याला टांगून मोकळा झाला नव्हता. म्हणून त्या सकाळी तो कुठे होता असं मला विचाराल, तर आत आपल्याबरोबर पंख्याखाली होता असं मला वाटत नाही. तो बाहेर वळणावरच्या खांबावर होता, पट्ट्याला लटकलेला, आणि आपण इथे त्याच्या नावाने टाळ्या वाजवत होतो. मग मी वेस्ट्रीच्या दाराकडे हात करून म्हटलं, करंट त्या भिंतीतल्या सॉकेटमधून गेला. अन्याय कुठून सुरू झाला ते मला बोटाने दाखवता येतं, त्यासाठी स्वर्गाकडे बघावं लागत नाही. चौकशीत हे सांगायला मला एक माणूस हवा. एवढीच माझी साक्ष.

हे मी इथे सांगतोय तसं सरळ बोललो नाही. दोनदा अडखळलो, एकदा रडलो. खाली येऊन बसलो. पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहिले. मला वाटलं, संपलं. उद्यापासून या देवळात आपल्याला सलाम करायलाही कुणी उरणार नाही.

मग मामा उठले. गुडघ्यांमुळे त्यांना बाक धरून उठावं लागे, तसेच उठले. म्हणाले, ‘‘वायर मी बनवली होती. माझ्या हाताने. मेन मी पाडला नाही. ती वायर माझ्या कपाटात आहे.’’ एवढं बोलून ते खाली बसले. मार्थाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात केक वाटेपर्यंत तिथेच होता.

साहेबांकडे जाण्यापूर्वी मामांनी बशीरच्या घरी जायचं ठरवलं. मी सोबत गेलो. बशीर खाटेवर बसला होता, आई दारात. मामांनी घसा साफ केला आणि सवयीने सुरुवात केली, ‘‘बाळा, देवाच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण...’’

बशीर म्हणाला, ‘‘मामा, त्याला कशाला मदी घेताव? तुमी फक्त तुमचा नाव सांगा.’’

मामांनी सांगितलं. आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, नोकरीला उभं राहिल्यासारखं. आणि मग म्हणाले, ‘‘माझ्याकडून झालं. मला माफ कर.’’ बशीरने माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्याची आई मात्र मामांकडे बघून म्हणाली, ‘‘इतक्या लोकांनी येऊन मना अल्ला समजावला. तुमीच पयले आलाव, जे स्वतःचा बोललाव.’’

पुढचं सगळं खात्याच्या चालीने झालं. मामांनी वायर टेबलावर ठेवून जबाब दिला. त्यांना त्रास झाला, फेऱ्या झाल्या, त्या वयात उन्हात बाकावर बसून राहावं लागलं. गावात काय होईल याची पंचांना जी भीती होती, तसलं काही झालं नाही. उलट मासळीबाजारात मला दोघा-तिघांनी थांबवून विचारलं, तो म्हातारा कसा आहे म्हणून. बशीरवरचा ठपका गेला. त्याला तक्रार केंद्रात फोनवर बसवलं. डाव्या हाताने लिहायला तो माझ्यासमोर शिकला, आणि त्याचं अक्षर माझ्या उजव्या हातापेक्षा बरं आहे, हे मी त्याला अजून कबूल केलेलं नाही.

पाळकसाहेब मला एकदा म्हणाले, ‘‘काका, एक बोलू? मामांनी सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगितलं. हाच तर देवाचा हेतू नसेल?’’ मी त्यांना म्हटलं, साहेब, एका म्हाताऱ्याला खरं बोलायला लावायला देवाला बशीरचा हात लागला असेल, तर माझं त्याच्याशी भांडण आहे. ते मी रोज सकाळी प्रार्थनेत करतो. त्याने आजवर मला गप्प केलेलं नाही, यावरून मला वाटतं, त्यालाही ते मान्य असावं. मामा उठले त्यात देव होता, हे मी शपथेवर सांगीन. करंटमध्ये तो नव्हता, हेही शपथेवर सांगीन. या दोन्हींच्या मधलं मला कळत नाही, आणि निवृत्त झाल्यामुळे आता कळायची शक्यताही कमी. पाळकसाहेब भले माणूस आहेत. त्यांनी मान डोलावली. पटलं की नाही, देव जाणे.

जनरेटर अजून आहे, मामींच्या पट्टीसकट. गेल्या शुभ शुक्रवारी दुपारी भर उपासनेत लाईट गेली. उकाडा म्हणजे असा, की अंगातून धारा लागलेल्या. मामा उठून वेस्ट्रीत गेले आणि सगळे पंख्याकडे बघायला लागले, पण आवाज काही येईना. आत डोकावलो तर मामा कानाला फोन लावून उभे. बशीरला विचारत होते, जनरेटर सुरू करू का म्हणून. मी त्यांना हळूच म्हटलं, ‘‘मामा, आता चेंजओव्हर आहे. विचारायची गरज नाही. करंट बाहेर जाऊच शकत नाही.’’ मामा म्हणाले, ‘‘यंत्राचं मला सांगू नकोस.’’ आणि त्यांनी फोनचा आवाज मोठा केला.

बशीरचा आवाज वेस्ट्रीच्या उघड्या दारातून सगळ्या देवळाला ऐकू गेला. ‘‘थांबा मामा. खांबावर माणूस हाय.’’

पाळकसाहेब बोलता बोलता थांबले. मामा फोन हातात घेऊन दारातच उभे राहिले. घामाने निथळत आम्ही सगळे बसून होतो, आणि तो माणूस खाली उतरल्याचा फोन येईपर्यंत कुणी वारा घ्यायला साधा कागदसुद्धा हलवला नाही.